लिमाला येतेस तर

योवाना, छत्री आणू नकोस.
इथे पाऊस पडत नाही, आभाळच पडून राहतं
जून ते ऑक्टोबर, गाढवाच्या पोटाच्या रंगाचं,
इतकं खाली की हात वर केला
तर केस लागतील हाताला.
स्वेटर मात्र आण, पूर्ण बाह्यांचा.
इथे वाळत घातलेले मोजे
तीन दिवस विचार करतात.

विमानतळाबाहेर जो पहिला तुझी बॅग उचलेल
त्याच्या गाडीत बसू नकोस. दुसऱ्याच्याही नको.
माझा शेजारी एलेउतेरिओ येईल, गाडी हिरवी,
डावं दार आतून उघडत नाही.
भाडं आधी ठरव.
मी ठरवलंय, तरी तू ठरव. त्याला बरं वाटतं.

मिराफ्लोरेसचा कडा तुला सगळेच दाखवतील.
बघ. खोटं कशाला बोलू, सुंदर आहे.
खाली समुद्र, वर दोऱ्यांना लोंबकळत उडणारी माणसं,
आणि कॉफीच्या एका कपात
माझ्या गाड्यावरची अख्खी सकाळ जाते.
मातीच्या विटांचा तो जुना डोंगरही तिकडेच,
फडताळात पुस्तकं उभी लावावीत तशा विटा.
आत मी गेलेले नाही, तिकीट आहे.
कुंपणातून बरंच दिसतं.

मासे बघायचे तर चोर्रियोसच्या धक्क्यावर, सहाच्या आत.
पेलिकन तिथे
थकबाकी वसूल करायला आल्यासारखे उभे असतात.
सेविचे दुपारी दोनच्या आत खा.
रात्री सेविचे विकणाऱ्याला
तुझे आजोबा सलामसुद्धा करत नसत.

मग दक्षिणेकडची कोंबी पकड.
उतरायच्या एक चौक आधी ओरडायचं: बाहा! बाहा!
लाजलीस तर पुढच्या वस्तीत पोचशील.
फोनमधला नकाशा डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालतो,
पुढे माझं नाव विचारत ये.
हेर्मेलिंदा म्हणू नकोस, कुणाला कळणार नाही,
'जवसवाली' म्हण.
पहाटे पाचपासून मी कोपऱ्यावर असते,
जव, जवस, घोडशेपटीचा पाला, वर लिंबू,
गरम, जरा चिकट. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करशील.
तुझा बाप अजून करतो का?

पिवळ्या जिन्याच्या एकशे बारा पायऱ्या.
ऐंशीव्या पायरीवर बस, सगळेच बसतात.

त्याने सांगितलं असेल, आम्ही समुद्र बघत वाढलो.
खरं आहे. दिसायचा.
वर्षातून सात-आठ वेळा, धुकं विसरलं तर.
पाणी टँकरचं, निळ्या पिंपातलं,
आणि फोर्तुनातो दोन बादल्या घेऊन
जिना नव्हता तेव्हाच्या त्या घसरड्या वाटेने वर.
त्याच्या गुडघ्यावरचा व्रण सायकलचा नाही.
आमच्याकडे सायकल नव्हती.

आता वर जाळ्या लावल्यात,
व्हॉलीबॉलच्या वाटाव्यात तशा.
धुकं अडकतं, थेंब होतो, नळीत उतरतो.
भाज्यांना पुरतं. पोरं बाटली धरून उभी असतात,
आपलं धुकं भरलं का बघत.
जुलैत आलीस तर त्याच उतारावर
पिवळी अमांकाएस फुलतील, थोडेच दिवस.
तोडू नकोस. ओरडा बसेल, माझाच.

आणि एक, हे कुठल्या यादीत नसेल:
पलीकडच्या टेकडीवर दफनभूमी आहे,
गावापेक्षा मोठी, तशीच वेडीवाकडी चढत गेलेली.
आजोबा तिथे, वरून चौथ्या ओळीत.
तुझा बाप दरवर्षी रंगाचे पैसे पाठवतो,
न चुकता, नोव्हेंबरच्या आधी.
रंग कुठला दिला, ते एकवीस वर्षांत विचारलेलं नाही.
मी कधी निळा देते, कधी उरलेला हिरवा,
एकदा गुलाबी दिला, मुद्दाम,
फोन येईल म्हणून.

तर योवाना, जुने कपडे घालून ये त्या दिवशी.
ब्रश माझ्याकडे दोन आहेत.
फोटो काढशीलच. पाठव त्याला.
मी काही सांगितलं म्हणून सांगू नकोस.

परतीच्या बॅगेत थोडी जागा ठेव,
लुकुमाचं पीठ देणार आहे, डबा माझा आहे,
डबा परत हवा.